उद्दीपनाची श्रीमंती, आलंबनाचे दारिद्र्य

कलेविषयीच्या बोलण्यात एखादे वाक्य वारंवार आणि बिनविरोध उच्चारले जाऊ लागले, म्हणजे त्याची एकदा झडती घेणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. ‘कथेचे काय घेऊन बसलात? डोळ्यांचे पारणे फिटले, आणखी काय पाहिजे?’ हे असेच एक वाक्य होय. चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांच्या तोंडी ते असते, वृत्तपत्रांतील परीक्षणांच्या अखेरीस ते असते, आणि हल्ली तर आमच्या दक्षिण कोकणातील जत्रांच्या मांडवांतही ते ऐकू येऊ लागले आहे. वरवर पाहता हा उद्गार समाधानी आणि उदार मनाचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. तो असा की, दृश्य पुरेसे भव्य असले म्हणजे त्यातील माणूस पोकळ असला तरी चालतो. हा सिद्धान्त आम्हांस मुळापासून अमान्य आहे. तो खोटा आहे, आणि आज तो निरुपद्रवीही राहिलेला नाही, हे दाखविण्यासाठीच प्रस्तुतचा लेखनप्रपंच आहे.

वाद घालावयाचा तर तो प्रतिपक्षाच्या दुबळ्या प्रतिनिधीशी घालू नये. कुणा गल्लाभरू चित्रपटाची चिरफाड करून विजयाचा डंका पिटणे सोपे आहे. त्याने सिद्ध मात्र काहीच होत नाही. म्हणून आम्ही प्रतिपक्षाचा अत्यंत बलवान असा वकीलच येथे उभा करतो. अल्फॉन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘ग्रॅव्हिटी’ हा तो चित्रपट. २०१३ साली व्हेनिस येथील चित्रपट-महोत्सवाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला. पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिकांसाठी त्याचे नाव दहा विभागांत सुचविले गेले आणि त्यांपैकी सात पारितोषिके त्याने पटकावली. सुमारे दहा कोटी डॉलर खर्चून त्याने सत्तर कोटींहून अधिक मिळविले. केवळ डोळ्यांच्या बळावर कलाकृती उभी राहू शकते असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांना याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. तेव्हा हा पुरावा पडला, तर तो पक्षच पडला असे समजण्यास हरकत नसावी.

प्रथम त्याचे जे श्रेय आहे, ते आम्ही हात आखडता न घेता देतो. चित्रपटाचा आरंभ होतो तो पृथ्वीच्या निळ्या-पांढऱ्या गोलाने. दूरवरून एक ठिपका सरकत येतो, त्याचे यान होते, यानाभोवती माणसे दिसू लागतात, आणि दहा मिनिटांहून अधिक काळ कोठेही तोड न जाणवता आपली दृष्टी त्यांच्याभोवती तरंगत राहते. वर कोणते व खाली कोणते हा भेद तेथे उरत नाही. छायाचित्रक इमॅन्युएल लुबेझ्की याने यासाठी जी युक्ती योजिली, ती विलक्षणच म्हटली पाहिजे. आतून हजारो बारीक दिव्यांनी मढविलेली एक पेटी तयार करण्यात आली, तीत नटीला उभे केले, आणि पृथ्वी, सूर्य व यान यांची चित्रे त्या भिंतींवर फिरविली. त्यामुळे फिरत्या पृथ्वीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर जसा पडावयास हवा तसाच पडला. नटी स्थिर आणि विश्व फिरते, असा हा उलटा न्याय. भोवतालचे जवळजवळ सर्व जग लंडनच्या ‘फ्रेमस्टोअर’ या संस्थेच्या कारागिरांनी संगणकावर रचले. अवकाशात वायू नाही म्हणून ध्वनीही नाही, हे पथ्यही या मंडळींनी बव्हंशी पाळले आहे. प्रचंड यानाच्या ठिकऱ्या उडतात आणि कानांवर येतो तो केवळ पोशाखातून जाणवणारा कंप व संगीत. हे सारे ज्याने पाहून विस्मय पावला नाही, त्याच्या डोळ्यांत दोष आहे असे आम्ही खुशाल म्हणू.

परंतु विस्मय ओसरल्यावर हाती काय राहते? कथा थोडक्यात अशी आहे. रायन स्टोन ही वैद्यकीय यंत्रविद्येतील तज्ज्ञ स्त्री प्रथमच अवकाशात आलेली आहे. मॅट कोवाल्स्की हा मुरलेला अंतराळवीर तिच्याबरोबर आहे. ‘हबल’ या दुर्बिणीचे काम चालू असता, रशियाने आपलाच एक उपग्रह अस्त्राने फोडल्यामुळे उडालेले तुकडे एकामागून एक उपग्रह फोडीत येतात आणि यानाचा चक्काचूर करतात. दोघेच उरतात. पुढे कोवाल्स्कीही जातो. एकटी उरलेली ही स्त्री आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक, रशियन सोयूझ यान, चिनी तियानगोंग स्थानक अशा पायऱ्या ओलांडीत अखेर एका सरोवरात येऊन पडते, आणि किनाऱ्याच्या चिखलात पाय रोवून उभी राहते. दर नव्वद मिनिटांनी ते तुकडे पुन्हा येतात, एवढाच काय तो कथेला ताल.

कथा लहान असणे हा दोष नव्हे. ‘एक माणूस संकटात सापडला आणि वाचला’ एवढ्या सूत्रावर उत्तम कलाकृती उभ्या राहिलेल्या आहेत. दोष आहे तो निराळाच, आणि तो नेमका सांगावयाचा तर आपल्या जुन्या साहित्यशास्त्राकडेच वळावे लागते. भरतमुनींच्या परंपरेने विभावाचे दोन भेद मानले: आलंबन आणि उद्दीपन. ज्या व्यक्तीच्या ठायी भाव जडतो ती आलंबन, आणि त्या भावाला फुंकर घालणारी परिस्थिती, म्हणजे चांदणे, वादळ, स्मशान, अरण्य, ते उद्दीपन. पतीच्या मृत्यूने शोक करणारी नायिका व तो मृत नायक नसताना नुसते स्मशान दाखवून करुणरस निर्माण होत नाही. फार तर अंगावर काटा येतो. आता ‘ग्रॅव्हिटी’कडे पाहा. जगातील आजवरचे सर्वांत भव्य उद्दीपन तेथे मांडलेले आहे. साक्षात विश्वाचा अंधार, खाली झगमगणारी पृथ्वी, आणि मृत्यू तर नव्वद मिनिटांच्या अंतराने फेऱ्या घालणारा! परंतु हे सारे जिच्यासाठी, ती व्यक्ती कोठे आहे? उद्दीपनाच्या या अफाट श्रीमंतीत आलंबनाचे दारिद्र्य मात्र डोळ्यांत भरते. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणावे, तर येथे मोत्याला नाकच नाही.

स्टोनबाईंविषयी आपल्याला जे सांगितले जाते ते मोजून पाहा. तिची चार वर्षांची मुलगी खेळताना पडून, डोक्याला मार लागून वारली. वडिलांना मुलगा हवा होता म्हणून तिला पुरुषी नाव मिळाले. संपले! शोक हा मनुष्याचा स्वभाव नव्हे. तो त्याच्यावर कोसळलेला प्रसंग आहे. त्या प्रसंगी तो काय करतो, यात त्याचा स्वभाव दिसतो. या दृष्टीने पटकथेत एकच ओळ जिवंत आहे. मुलीच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा ती गाडी चालवीत होती, आणि तेव्हापासून कामावरून सुटले की ती नुसती गाडी चालवीत राहते. येथे एक माणूस क्षणभर डोकावतो. एखादा खरा लेखक या दाराने आत शिरला असता आणि त्याने आपल्याला त्या बाईचे सारे घर दाखविले असते. क्वारोन आणि त्याचे चिरंजीव होनास, या दोघा लेखकांनी दार उघडले, आत डोकावले आणि पुन्हा लावून घेतले. कारण बाहेर पुढचा स्फोट वाट पाहत होता.

कोवाल्स्कीची स्थिती याहून केविलवाणी. गमतीदार गोष्टी सांगणारा, संकटात न डगमगणारा, तरुण सहकारिणीला धीर देणारा मुरब्बी पुरुष, हा साचा इतका झिजला आहे की त्यातून निघणाऱ्या नाण्यावर राजाचा मुखवटाही दिसेनासा झाला आहे. जॉर्ज क्लूनी या नटाच्या लोभस हसण्यावर सारा भार टाकून लेखक मोकळे झाले. बरे, तो गेला तर गेला! पण नायिका जेव्हा निराश होऊन प्राणवायू कमी करते आणि मरणाला सिद्ध होते, त्या अत्यंत मोलाच्या क्षणी लेखकांनी काय करावे? मेलेला कोवाल्स्की तिच्या भ्रमात येतो आणि यान कसे चालवावे याची युक्तीही सांगतो, जगण्याचा उपदेशही करतो. ज्या एका जागी या स्त्रीने आपल्या अंतःकरणातून काही उपसून काढावयाचे होते, तेथे तिच्यासाठी दुसऱ्यानेच ते आयते आणून ठेवले. कीर्तनात अडलेल्या हरिदासाने ‘आणि इतक्यात देव प्रकट झाले’ म्हणावे, तसा हा प्रकार. सँड्रा बुलक या नटीने आपल्या श्वासांनी, थरथरत्या हातांनी आणि केवळ देहबोलीने जे प्राण या भूमिकेत ओतले आहेत, त्यांचे आम्ही कौतुकच करतो. परंतु ते प्राण नटीचे आहेत, पात्राचे नव्हेत.

आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट येथे आहे. या यानात एक हिंदी मनुष्यही आहे. शरीफ दसारी हे त्याचे नाव. तो दोरीला लटकून मौजेने झोके घेतो, १९५५ सालच्या ‘श्री ४२०’ या बोलपटातील गाणे गुणगुणतो, आणि थोड्याच वेळात एक तुकडा त्याच्या मस्तकातून आरपार जातो. त्याच्या कुटुंबाचे एक छायाचित्र तेवढे आपल्याला दाखविले जाते. आमच्याकडील प्रेक्षक त्या गाण्याला टाळी देतात हे आम्ही जाणतो. पण टाळी कशाची? ज्याला एकही बोल आपला असा मिळाला नाही, जो गंमत करण्यासाठी जन्मला आणि भीती उत्पन्न करण्यासाठी मेला, तो मनुष्य नव्हे. ते सामान आहे. कल्पना चावला ही हिंदुस्थानात जन्मलेली स्त्री १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यानाच्या नाशात खरोखरीच मरण पावली. तिच्या आठवणीने ज्यांचे डोळे ओलावतात, त्यांनी शरीफच्या मरणाने आपल्याला काहीच का झाले नाही, याचा एकदा विचार करावा.

आता आक्षेपांकडे वळू. काही विज्ञाननिष्ठ टीकाकारांनी या चित्रपटाला वेगळ्याच कारणासाठी धारेवर धरले. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय स्थानक यांच्या कक्षा उंचीने आणि कलानेही भिन्न आहेत, एकीवरून दुसरीकडे पाठीवरच्या यंत्राने जाता येणार नाही, दोरी ताणून स्थिरावल्यावर कोवाल्स्कीला दूर ओढणारे बलच तेथे उरत नाही, इत्यादी. हे आक्षेप खरे आहेत, तथापि आम्हांस ते गौण वाटतात. पुष्पक विमान कोणत्या इंधनावर चालत होते, असे विचारून कोणी रामायण मिटवून ठेवीत नाही. माणूस खरा असेल तर यंत्र खोटे असले तरी निभावते. यंत्र कितीही खरे असले तरी माणूस खोटा असेल तर निभावत नाही. कक्षेचा कोन चुकला, याची एवढी चर्चा व्हावी आणि स्वभावाचा कोन मुळी आखलाच नाही, याची फारशी होऊ नये, हीच खरी शोचनीय गोष्ट होय.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. कोणी म्हणेल, ‘चित्रपट ही डोळ्यांची कला आहे, तुम्ही तिला नाटकाच्या मापाने मोजता. शब्दांचा हट्ट कशाला?’ यावर आमचे उत्तर असे की, आम्ही शब्द मागत नाही, माणूस मागतो. मूकपटांच्या काळी एकही शब्द न उच्चारता माणसे पडद्यावर उभी राहिली. आपल्या दादासाहेब फाळक्यांहून चमत्कृतीचा मोठा शौकीन कोण होता? तरीही १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चा आरंभ त्यांनी कशाने केला? कालियाच्या फणांनी नव्हे. कृष्णाची भूमिका करणाऱ्या आपल्या मुलीच्या, मंदाकिनीच्या, मुद्रेवर उमटणाऱ्या नाना भावांनी! आधी चेहरा, मग चमत्कार, हा क्रम त्या आद्य पुरुषाला कोणी शिकवावा लागला नाही.

आणि दूर कशाला जावयाचे? खुद्द क्वारोननेच या आक्षेपाला उत्तर दिलेले आहे. २०१८ साली त्याने ‘रोमा’ नावाचा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात क्लेओ नावाची एक मोलकरीण आहे. तिचे फरशी धुणे, मुलांना झोपविणे, तिची झालेली फसवणूक, तिला झालेले मृत मूल, हे सारे आपण सावकाश पाहतो. अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर धन्याची मुले लाटांत सापडतात आणि पोहता न येणारी ही बाई पाण्यात शिरते. दृश्य पुन्हा तसेच अखंड, कोठेही तोड नसलेले, दिग्दर्शक तोच. परंतु येथे प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो लाटेच्या उंचीमुळे नव्हे, तर ती लाट कोणाच्या छातीवर आदळते आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे. मौज अशी की, याच चित्रपटात घरातील मंडळी एक अवकाशपट पाहावयास जातात. तो १९६९ सालचा ‘मरून्ड’ होय; अंतराळात अडकलेल्या माणसांची ती कथा. लहानपणी डोळ्यांना पडलेली ती भूल क्वारोनने एकदा ‘ग्रॅव्हिटी’त भागवून घेतली, आणि पुढे ‘रोमा’त तिला तिच्या योग्य जागी, म्हणजे एका घराच्या आठवणीत, नेऊन बसविले. हा दिग्दर्शक माणूस रंगवू शकत नव्हता असे नाही. ‘ग्रॅव्हिटी’त त्याला त्याची गरज वाटली नाही. म्हणूनच आमची तक्रार असमर्थतेविषयी नसून त्या समजुतीविषयी आहे.

तिसरा आक्षेप असा की, ‘स्टोन ही कोणी विशिष्ट स्त्री नाहीच, ती मानवजातीची प्रतिनिधी आहे. जगण्याची आदिम ओढ दाखवावयाची असल्यामुळे तिचे विशेष मुद्दामच पुसले आहेत.’ अवकाशस्थानकात शिरल्यावर ती गर्भाप्रमाणे अंग दुमडून तरंगते, पुढे पाण्यातून बाहेर येऊन प्रथम रांगते आणि मग उभी राहते, ही प्रतीके या पक्षाची आवडती. परंतु विशेष पुसले म्हणजे सामान्य उरते, हा तर्कच चुकीचा आहे. विशेष पुसले म्हणजे काहीच उरत नाही. वाङ्मयात सार्वत्रिकाचा रस्ता नेहमी एकाच घराच्या उंबरठ्यावरून जातो.

याचे उदाहरण आमच्या घरातच आहे, आणि तेही आकाशगमनाचेच! १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक मूळचे तंत्रकुशल कारागीर. एकाचा हात ध्वनिलेखनात बसलेला, दुसऱ्याचा कलायोजनेत. चमत्कृतीचे त्यांना वावडे असण्याचे कारणच नव्हते. सदेह वैकुंठाला नेणारे विमान त्यांनी आकाशात उडविलेच. आज ती युक्ती शाळकरी मुलालाही ओळखू येते. मग तो शेवट अजून हृदयाला का भिडतो? कारण खाली जिजाई उभी आहे. शिवराम वाशीकरांच्या लेखणीने आणि गौरी या नटीने उभी केलेली ही बाई आपण तोवर पुरती ओळखलेली असते. तिची म्हैस, तिचे करवादणे, मूल आजारी पडले असता वहाण हाती घेऊन पांडुरंगालाच जाब विचारायला निघणारा तिचा संताप, सारे आपल्या परिचयाचे झालेले असते. वैकुंठाला चल म्हणणाऱ्या नवऱ्याबरोबर ती जात नाही. मागे संसार आहे, मुले आहेत. वर विमान आणि खाली ही बाई, या दोन टोकांत जो ताण उत्पन्न होतो, तेच खरे गुरुत्वाकर्षण. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम पृथ्वी सोडून गेला याचे दुःख आपल्याला होते, कारण पृथ्वीवर काय सोडले ते आपण पाहिलेले असते. स्टोनबाई पृथ्वीवर परत येते. पण कोणाकडे, कशासाठी, याची आपल्याला दखल नाही. हा ‘तुकाराम’देखील १९३७ साली व्हेनिसच्याच महोत्सवात नावाजला गेला होता. त्याची युक्ती जुनी झाली आणि जिजाई ताजी राहिली. ‘ग्रॅव्हिटी’ची युक्ती जुनी होईल, आणि ती होणारच, तेव्हा त्याच्याजवळ ताजे असे काय उरेल?

पारितोषिकांचा दाखला देणाऱ्यांनी ती यादी जरा बारकाईने वाचावी. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, संगीत, ध्वनीची दोन आणि दृश्यचमत्कृतीचे एक, अशी ती सात आहेत. पटकथेचे त्यांत नाही. एवढेच नव्हे, तर दहा नामनिर्देशनांतही पटकथेला जागा मिळाली नाही. ज्या रात्री या चित्रपटावर सुवर्णमूर्तींची वृष्टी झाली, त्याच रात्री स्वतंत्र पटकथेचे पारितोषिक ‘हर’ या चित्रपटाला गेले. त्यातील नायिकेला देहच नाही; ती केवळ यंत्रातून येणारा एक आवाज आहे. एकीकडे देह आणि ब्रह्मांड असून माणूस नाही. दुसरीकडे देहही नसून माणूस आहे. याहून बोलका निकाल कोणता हवा?

खर्चाची गोष्टही अशीच. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. खर्च सुमारे साडेचारशे कोटी रुपये. हा खर्च ‘ग्रॅव्हिटी’ चित्रपटाहून कमी आहे, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जून २०१४ मध्ये श्रीहरिकोटा येथे सांगितले, तेव्हा साऱ्या देशाची छाती फुगली. ती फुगणे योग्यच होते. परंतु या तुलनेतून निघणारा दुसरा धडा कोणी घेतला नाही. खऱ्या ग्रहाकडे जाण्यापेक्षा खोट्या आकाशात जाणे महाग पडले. आणि त्या महाग आकाशात सर्वांत स्वस्त वस्तूचीच, म्हणजे शाई-कागदाची, तेवढी काटकसर करण्यात आली.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, ‘अमेरिकेतल्या चित्रपटावर कुडाळ तालुक्यातील वालावलात बसून एवढे तापण्याचे कारण काय?’ कारण आहे, आणि तेच या लेखाचे खरे प्रयोजन आहे. लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याच्या कुशीतले विस्तीर्ण तळे यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. पण आणखी एका नात्याने त्याचे नाव घेतले जाते. दशावतारी खेळ दक्षिण कोकणात आणण्याचे श्रेय एक परंपरा आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांना आणि १७२८ सालाला देते, तर दुसरी ते वालावलच्या गोऱ्यांना देते. वाद पंडितांनी मिटवावा. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या भूमीत हा खेळ रुजला, तेथील माणसाला तरी ‘दृश्य मोठे की माणूस’ हा प्रश्न परका नसावा.

दशावताराची सामग्री ती किती! एक पडदा, एक बाकडे, पायपेटी, मृदंग, झांज, आणि पेटाऱ्यात मावतील एवढे पोशाख व मुखवटे. त्या बाकड्याचे कधी सिंहासन होते, कधी पर्वत, कधी रथ. राजा रंगभूमीवर एक गिरकी घेतो आणि मृत्युलोकातून स्वर्गात पोचतो; पुन्हा एक गिरकी, की पाताळ. चौदा भुवने दहा हातांच्या जागेत सामावतात, ती कशाच्या जोरावर? केवळ नटाच्या वाणीच्या आणि आवेशाच्या जोरावर. संवाद लिहिलेले नसतात. खेळापूर्वी आख्यान ठरते, कोण कोणते पात्र घेणार ते ठरते, आणि मग सारी रात्र पुराणातील वैरी एकमेकांना प्रश्न घालतात, कोंडीत पकडतात, शास्त्राधार देतात. देवांच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी आणि वेद चोरणाऱ्या संकासुराच्या तोंडी फर्मास मालवणी. पुरुष नट लुगडे नेसून येतो आणि तारामतीचा विलाप करतो, तेव्हा शेतकरी बाया पदराने डोळे पुसतात. तेथे ना दिव्यांची पेटी, ना संगणक. पण आलंबन पक्के आहे. म्हणून उद्दीपन प्रेक्षक आपल्या मनातून पुरवितो.

अलीकडे या खेळांच्या जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ असे एक नवे विशेषण झळकू लागले आहे. धुराचे लोट, रंगीबेरंगी प्रकाशझोत, अधांतरी येणारे देव, फुत्कारणारे यांत्रिक नाग, हे त्यातील आकर्षण. गर्दी होते, मंडळ्यांना चार पैसे मिळतात. आणि उन्हाळ्या-पावसाळ्याची पोटाची विवंचना असलेल्या कलावंताला ते मिळू नयेत असे म्हणण्याइतके आम्ही निर्दय नाही. युक्तीलाही आमचा विरोध नाही. गणपतीचा मुखवटा ही युक्तीच होय, आणि विमानाची युक्ती दामले-फत्तेलालांनीही केलीच होती. जुन्या खेळांतील सारेच भाषण अमृतासारखे होते असेही नाही. पल्लेदार शब्दांचा नुसता पाऊस पाडणारे नट तेव्हाही होतेच. परंतु युक्ती वाढली की तिला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ वादाच्या आणि विलापाच्या वाट्यातून काढला जातो. नाग फुत्कारावयाचा असला म्हणजे नटाने गप्प बसावे लागते.

येथे एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. चित्रपटाची पटकथा दुबळी झाली तर नुकसान एका चित्रपटाचे होते. तोच दिग्दर्शक पाच वर्षांनी ‘रोमा’ काढू शकतो. नाटक पडले तरी त्याची संहिता छापील राहते आणि पुढल्या पिढीला ती उचलता येते. दशावताराची संहिता कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती नटांच्या जिभेवर आहे. वडीलधाऱ्या नटासमोर उभे राहून, त्याच्या प्रश्नाने गांगरून, पुढल्या जत्रेस त्याला उत्तर देऊनच तरुण नट शिकतो. यंत्र यंदा नाही घेतले तर पुढल्या वर्षी बाजारातून आणता येईल. वाणीची ही परंपरा एका पिढीत तुटली तर ती भाड्याने मिळणार नाही. ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हा निरुपद्रवी वाटणारा उद्गार आमच्या गावात येऊन पोचला, तेव्हा त्याचा हा असा अर्थ झाला.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना आमचे सांगणे आहे. भव्य दृश्ये अवश्य पाहा. मुलाबाळांना घेऊन पाहा. परंतु घरी परतताना मुलांना ‘काय काय दिसले?’ एवढेच विचारू नका, ‘कोण भेटले?’ असेही विचारा. उत्तर आले नाही, तर पैसे दिव्यांवर खर्च झाले असे समजा. जत्रेत खेळ ठरविताना देवस्थानाच्या मंडळींनी ‘ट्रिक किती?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याआधी ‘आख्यान कोणते, आणि समोरासमोर बोलणार कोण?’ हा विचारावा. बिदागी ठरविताना चांगल्या वाणीचा वाटा यंत्राच्या भाड्याहून कमी ठेवू नये. आणि परीक्षणे लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी ‘कथा जरा कमकुवत आहे, पण दृश्ये अप्रतिम’ या वाक्यातील ‘पण’ उलटा करून पाहावा. ‘दृश्ये अप्रतिम आहेत, पण कथा कमकुवत आहे’ असे लिहिल्यावर निकाल कसा बदलतो, ते त्यांचे त्यांनाच दिसेल. अंधारात कोणी एकटे पडले आहे, एवढ्याने आपले काळीज हलत नाही. ते कोण आहे हे कळले म्हणजे हलते, आणि ते कळविणे हे आजही लेखकाचेच काम आहे.